चितारटेकडीचा मोकळा दगड

आधी ती पाण्याची बाटली उचला बघू. हां, तीच, निळ्या झाकणाची. अंगावर गार पाण्याचा ओघळ आला की मला सगळं जुनं आठवायला लागतं, आणि मग मला गप्प बसवत नाही.

मित्रांनो, मी एक जुना छापाचा दगड आहे. आज तुमच्या शाळेची सहल चितारटेकडी, म्हणजे चित्रकार-शिल्पकारांची ही जुनी वस्ती, बघायला आली. तलावाच्या बाजूच्या पायऱ्या चढून तुम्ही धापा टाकत वर पोचलात आणि तुमच्यातले दोघे खुशाल माझ्यावर बसले. बसा, त्याबद्दल तक्रार नाही. पण टोपी घालून पुढे पुढे चालणारे ते तुमचे गाइड काय म्हणाले, ऐकलंत ना? "बच्चों, ये पुराने ज़माने की बेंच है। कलाकार लोग यहाँ बैठकर तालाब देखते थे।" बेंच म्हणे! तबल्याला पाट म्हणावं तसलाच प्रकार हा. आयुष्यभर एवढं सोसलं आणि शेवटी बसायचा बाक झालो.

त्यांचं सगळंच चुकलं असं नाही हं. पहिल्या वळणावर बिनडोक्याचे पुतळे असलेलं अंगण दाखवलं, ते खरोखरच शिल्पकार शांताराम यांचं. पुतळ्यांची डोकी त्यांनी मुद्दामच केली नव्हती, असं गाइड म्हणाले. छे हो! डोकी शेवटी करायची ही त्यांची सवय, आणि शेवटाआधी ते स्वतःच गेले. पुढे ती लांब भिंत बघितलीत, रंगीत हातांचे ठसे असलेली? टेकडीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा पहिल्या वाढदिवसाला तिथे ठसा घेत असत. त्यातला जांभळा, अंगठा जरा वाकडा असलेला ठसा मंजूचा आहे. मंजू कोण, ते सांगतोच. तिच्यासाठीच तर हे सगळं बोलतोय. आणि सगळ्यात वर, पेरूच्या झाडामागे, आता काचेचा कॅफे झालाय तिथे तिचं घर होतं. त्या घराबद्दल गाइड अवाक्षर बोलले नाहीत. आइस्क्रीम कुठे मिळतं तेवढं सांगितलं.

माझा जन्म इथला नव्हे. खूप दूरच्या देशातल्या एका खाणीतून मला कापून काढलं. अंगाने पिवळट, पोताने साबणासारखा मऊ. जहाजातून, मग आगगाडीतून मी भोपाळच्या जुन्या शहरात, चौकाजवळच्या एका उर्दू छापखान्यात आलो. तिथे मी लग्नाच्या पत्रिका छापल्या, हकिमांच्या औषधांच्या जाहिराती छापल्या, मुशायऱ्यांची बोलावणी छापली. कातिब म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारे लोक मांडी ठोकून बसायचे आणि बोरूने असं लिहायचे की वाचता न येणारानेही बघत राहावं. मग नवी यंत्रं आली. छापखान्याला कुलूप लागलं आणि मी कुणाच्या तरी हातगाडीवरून तलावाच्या घाटावर जाऊन पडलो. घाटावरच्या बायकांनी माझी किंमत ताबडतोब ओळखली. माझ्यावर कपडे आपटायला लागल्या.

तिथे मला कमलिनीने पाहिलं. नागपूरला चित्रकला शिकलेली, नवी नवरी. राजधानी बदलली तेव्हा तिचे सासरे नागपूरच्या सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, आणि नवरा मधुकर इथे सचिवालयात कारकून. दोघं घाटावर फिरायला आली होती. एका बाईने माझ्यावर बादली ओतली, आणि कमलिनी जागच्या जागी थबकली. पाणी माझ्या अंगावर सगळीकडे पसरलं, पण कुठेकुठे पसरलं नाही. जिथे जुन्या अक्षरांचं तेल मुरलं होतं तिथून पाणी बाजूला सरलं, आणि क्षणभर एका लग्नपत्रिकेची सावली दिसून गेली.

"अहो," ती म्हणाली, "हा दगड कपडे धुवायचा नाहीये."

"मग कशाचा आहे?"

"याच्या पोटात अक्षरं आहेत. घरी न्यायचा."

मधुकरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टेकडीकडे. बिचारा सायकल ढकलत, मला कॅरिअरला सुतळीने बांधून, सगळी चढण चढला. कमलिनी मागून धरून. "अहो, जपून!" "जपतोय गं बाई! दगड आहे हा, बाळ नव्हे." घामाघूम होऊन तो पेरूखाली बसला आणि पुढचे काही दिवस कचेरीत कंबर धरून गेला. तरी शेजाऱ्यांना सांगताना म्हणायचा, आमच्या हिने दगड शोधलाय, साधासुधा नाही.

तुम्हाला माझं काम समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. माझ्यावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग त्यावर डिंकाचं पाणी फिरवतात. मग, नीट ऐका, टर्पेंटाइनने ते चित्र पुसून टाकतात. पुसल्यावर मी कोरा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, गेलं चित्र. पण गेलेलं नसतं. खडूचं तेल माझ्या अंगात मुरलेलं असतं. मला ओलं करून शाईचा रोलर फिरवला की ओल्या जागी शाई लागत नाही, तेलाच्या जागी लागते, आणि पुसलेलं चित्र जसंच्या तसं वर येतं. त्यावर कागद ठेवून दाबला की झाला छाप. मला खरोखर कोरं करायचं असेल तर घासावं लागतं. माझ्यावर दुसरा लहान दगड उपडा ठेवायचा, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी, आणि हात भरून येईपर्यंत गोल गोल फिरवायचं. प्रत्येक वेळी मी थोडा पातळ होतो. तुम्ही खात्रीची गोष्ट सांगताना काळ्या दगडावरची रेघ म्हणता. मी पडलो पिवळा. माझ्यावरची रेघ पुसण्यासाठीच काढलेली असते.

चितारटेकडीवर या घासण्याला "दगड मोकळा करणं" म्हणत. त्याची एक रीत होती. ज्याचं चित्र, त्यानेच आपल्या हाताने मोकळं करायचं. दुसऱ्याच्या चित्राला कुणी पूड लावायची नाही. आणि चित्रकारच गेला तर? तर त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने तेराव्याच्या दिवशी दगड मोकळा करायचा, आणि टेकडीवरच्या लोकांनी एकेक तांब्या पाणी ओतायचं. शांताराम गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, योगिनीने, असंच केलं होतं. त्यांनी नुकताच माझ्यावर काढलेला बैल होता, छाप सगळे काढून झालेले. ती घासत होती, रडत होती, आणि घासून झाल्यावर म्हणाली, "आता दुसऱ्याला द्या." मला ही रीत फार आवडायची. आज तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. दगडाच्या अंगावर काटा, हसू नका.

माझी भरभराटीची वर्षं कमलिनीच्या घरी गेली. तिने या टेकडीवरचं प्रत्येक माणूस माझ्यावर काढलं. दूध घालणारे भैया, पेपर तोंडावर घेऊन झोपलेला मधुकर, शांताराम विडी पेटवताना, योगिनी मिरच्या वाळवताना, कोळशाची इस्त्री फिरवणारी म्हातारी. छाप काढायला शेजारचे दत्तूकाका यायचे. मूळचे अमरावतीचे, कारखान्यातली नोकरी संपवून टेकडीवर राहायला आलेले, स्वतः उत्तम छापचित्रकार. घरातल्या छापयंत्राचं चाक फिरवताना ते "हं, वहिनी, आता बघा" म्हणायचे, आणि कागद उचलला की दोघं लहान मुलांसारखी वाकून बघायची. लांबून लोक यायचे. भिंतीवरची चित्रं बघून वा वा करायचे. माझीही कुणीकुणी स्तुती करायचं. मी फुगून जायचो.

त्या भिंतींवर सगळी टेकडी होती. नव्हती फक्त मंजू.

मंजूषा ही कमलिनी-मधुकरची एकुलती एक लेक. लहानपणी ती फ्रॉक नीट करून, वेणी पुढे घेऊन, आईसमोर वेताच्या बैठ्या मोड्यावर येऊन बसायची. जरासुद्धा हलायची नाही. नाकावर माशी बसली तरी नाही.

"आई, काढ ना माझं."

"अशी बसू नकोस गं. तयार होऊन बसलेलं माणूस मला काढता येत नाही."

"मग कधी काढशील?"

"तू विसरशील तेव्हा."

पण मंजू विसरली नाही. कशी विसरेल? घरात शिरलेल्या पाहुण्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आणि लेकीचं चित्र कुठेय?" कमलिनी हसायची. मंजू आत निघून जायची. मोठी झाल्यावर तिने खडू हातात घ्यायचंच सोडलं, गणित धरलं, आणि एम. पी. नगरमध्ये कोचिंगच्या वर्गात शिकवायला लागली. दगड घासायचं काम मात्र आईने तिला शिकवलं होतं. आईचे हात दुखायला लागले तशी ती आईशेजारी बसून, आईने पहिली पूड टाकल्यावर, पुढचं घासून द्यायची. तिथेही बोलणी खायची. "मंजू, कोपरे सोडलेस. मधलं घासतेस आणि कोपरे तसेच. कोपऱ्यात जुनं राहतं, मग नव्या चित्रात ते डोकावतं." कमलिनी माझ्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवून बघायची आणि दर वेळी एखादा तरी कोपरा सापडायचाच. "हा बघ. राहिलाच." मंजू ओठ घट्ट मिटून परत पूड टाकायची.

मधुकर गेला. टेकडी म्हातारी झाली. एकेक घर बंद होत गेलं. कमलिनीनेही चित्रं काढणं थांबवलं. रोलर कापडात गुंडाळून फळीवर गेला, शाईचा डबा घट्ट बंद झाला, आणि मी पलंगाशेजारच्या टेबलावर औषधाच्या बाटल्या झेलत पडलो. मग टेकडीचे मालक बदलले आणि नवे मालक आले. घरं भाड्याची होती, कागद त्यांच्या बाजूचे. सगळ्यांनी उन्हाळ्याच्या आत जागा सोडावी, असं त्यांनी कळवलं. त्याच सुमाराला कमलिनीला डॉक्टरांनी आता औषधाचा उपयोग नाही म्हणून घरी पाठवलं. मंजूने रजा काढली आणि आईजवळ बसली.

एका दुपारी ती डाळिंब सोलत होती. सोलता सोलता एकदम म्हणाली, "सगळ्या जगाला काढलंस. त्या इस्त्रीवालीला तीनदा काढलंस. मी काय वाईट केलं होतं गं?"

ती रागाने बोलली नव्हती. राग असता तर बरं झालं असतं. कमलिनी उशीवर मान वळवून तिच्याकडे बघत राहिली.

"थांब जरा," एवढंच म्हणाली.

"आता कशासाठी थांबू?" मंजू पुटपुटली आणि साली टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून कमलिनीने मला अंथरुणात मांडीवर मागून घ्यायला सुरुवात केली. मांडीवर मी कुठला मावतोय! मंजूने उशा रचून, त्यावर पाट ठेवून मला टेकवलं. "हात चालवते नुसता," कमलिनी म्हणाली, "वेळ जात नाही. तू आपलं तुझं काम कर." आणि मंजू आपलं काम करत राहिली. डाळिंब सोलायची, औषधं बघायची, खुर्चीत बसल्या बसल्या दुपारी पेंगायची. एक हात गालाखाली, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं. पहिल्यांदाच तिला पत्ता नव्हता की आई बघतेय.

मित्रांनो, माझ्या अंगावर शेकडो चित्रं निघाली असतील, पण तसा खडू कधी फिरला नव्हता. कमलिनी पार थकलेली. एक रेघ ओढली की ती डोळे मिटून पडायची, मग पुढची. छापात सगळं उलटं येतं, म्हणून तिने डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे काढला, म्हणजे कागदावर तो बरोबर आपल्या जागी आला असता. गालाखालचा हात काढला, त्यावरचा डाळिंबाचा डागसुद्धा काढला. मंजू जागी व्हायची तेव्हा माझ्यावर फडकं असायचं. चित्र पूर्ण झालं त्या दिवशी कमलिनीने उशीत तोंड खुपसून बराच वेळ हसून घेतलं. खोडकर पोरीसारखी.

मंजू औषधाच्या दुकानात गेली असताना तिने स्वतःच डिंकाचं पाणी फिरवलं. मग टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि चित्र पुसलं. नेहमीची रीतच ती. शिवाय फडकं सरकून मंजूला दिसलं तर गंमत जाईल, हेही तिच्या मनात होतं. मी कोरा झालो. आता शाई लावायची. तिने फळीवरच्या रोलरकडे बघितलं. तो उचलायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. मग तिने फोन उचलला. दत्तूकाका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला, भावाकडे गेले होते.

"भाऊजी, आलात की एक छाप काढायचाय."

पलीकडून ते काहीतरी म्हणाले.

"मंजूचा. होय हो, शेवटी काढला एकदाचा! पण तिला बोलायचं नाही हं. माझी शपथ आहे. कागदच हातात ठेवायचा तिच्या. लवकर या."

दत्तूकाकांच्या डोळ्याला पट्टी होती. डॉक्टर प्रवास करू देत नव्हते. आणि कमलिनी वाट बघता बघता, एका सकाळी, चहा यायच्या आत गेली.

पुढे जे झालं ते सांगताना मला नेमकं कुणावर चिडावं ते कळत नाही. कुणाचंच वाईट मनात नव्हतं. सगळे रीतीने वागले.

तेराव्याला उरलीसुरली टेकडी कमलिनीच्या अंगणात जमली. काठी टेकत योगिनी आली. शेजारची सुप्रिया, ती तैलरंगात काम करणारी, तिने सगळी धावपळ अंगावर घेतली होती. दत्तूकाकांचा फोनही तिनेच घेतला होता. ते फोनवर हुंदके देत होते, बोलवत नव्हतं. मंजू कुणाशीच बोलत नाहीये, असं सुप्रियाने सांगितल्यावर ते म्हणाले, "राहू दे, मी आल्यावर बोलतो तिच्याशी." शपथ होती ना. आणि शाई लावलेलं चित्र सगळ्यांना दिसेलच, मग छाप काढल्याशिवाय त्या दगडाला कोण हात लावणार, असं त्यांना वाटलं.

मला उचलून अंगणात पेरूखाली ठेवलं. सुप्रियाने फडकं काढलं, वाकून बघितलं.

"यावर काही नाहीये गं, मंजू. कोरा आहे."

"आई हात चालवायची नुसता," मंजू म्हणाली. "मीच पाट रचून द्यायची. काढलं असेल काहीबाही, पुसलंही असेल."

"रोलर?" योगिनीने विचारलं.

मंजू आत जाऊन बघून आली. "कोरडा आहे, मावशी. डबापण बंद आहे."

झालं! रोलर कोरडा म्हणजे चित्र नाही, हे या टेकडीवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चित्र काढलं की लगेच शाई लावायची, ही सगळ्यांची पाठ झालेली रीत. बाहेरचा, काही न कळणारा माणूस असता तर त्याने निदान विचारलं असतं, की बाई शेवटच्या दिवसांत या दगडावर काय करत होत्या? यांनी विचारलं नाही, कारण यांना सगळं माहीत होतं.

योगिनीने पहिला तांब्या ओतला. पाणी पसरलं, आणि कुठेकुठे सरकलं. चष्म्याची कड दिसली. गालाखालच्या हाताची बोटं दिसली. मी जीव तोडून धरून ठेवलं होतं मित्रांनो, जेवढं दगडाला धरता येतं तेवढं.

"सावली आहे काहीतरी," मंजू म्हणाली आणि थांबली.

त्या घटकेला वाटलं, ओळखलं हिने. घाटावर कमलिनी अशीच थांबली होती.

"जुनी असेल," सुप्रिया हळूच म्हणाली. "या दगडाला जुन्या चित्रांच्या सावल्या आहेतच की. कर तू सुरू. ऊन चढतंय."

मंजूने पूड टाकली. दगडावर दगड ठेवला आणि फिरवायला लागली. गोल, गोल. राखाडी पाण्याखाली काही दिसेना. ती रडत नव्हती, दात आवळून घासत होती. आधी चष्मा गेला. मग तीळ गेला. मग हात. आपल्याच चेहऱ्यावरून ती घासत होती आणि तिला वाटत होतं, आईचं शेवटचं काम नीट करतेय. मला वाटलं ओरडावं. एकदा तरी, फक्त एकदा दगडाला तोंड फुटावं!

पाणी ओतून झालं, लोक पानांवर बसायला आत गेले. मंजू मात्र उठली नाही. तिला आठवलं असणार. तिने परत पूड घेतली आणि चारही कोपऱ्यांत पुन्हा एकदा, सावकाश, घासत बसली. शेवटी अंगठा फिरवून बघितला. एकेक कोपरा. मग पदराला हात पुसून आत गेली.

दत्तूकाका पुढच्याच आठवड्यात आले. काळा चष्मा, हातात पिशवी, पिशवीत चांगल्यातला कागद. दारातच त्यांना भडभडून आलं. मंजूने पाणी दिलं. ती घर आवरत होती, सगळीकडे खोकी.

"मंजू," ते म्हणाले, "आईचा दगड कुठेय?"

"मोकळा केला, काका. तेराव्याला."

काकांच्या हातातला पेला कलंडला. ते जवळच्या खोक्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं. शपथ, फोन, सगळं. मंजू ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तिने सांगितलं होतं का, कशी काढली होती मला?"

"झोपलेली, म्हणाली होती. खुर्चीत." काका एकदम उठले. "थांब. थांब! कोपऱ्यात काहीतरी राहतं. नेहमी राहतं. तू घासलेल्या दगडावर तर हमखास! खुर्चीची कड असेल, पदराचं टोक असेल. काढ तो रोलर."

शाईचा डबा फोडला. मला ओलं केलं. काकांच्या एका डोळ्याला नीट दिसत नव्हतं, ते नाक माझ्या अंगाला टेकवून बघत होते. रोलर फिरला. एकदा, दोनदा, पुन्हा. ओला मी, शाई लागेना. काका कोपऱ्यापाशी पोचले आणि रोलरवर सगळा भार टाकला. काहीच नाही. दुसरा कोपरा. तिसरा. चौथा. तरी त्यांनी माझ्यावर कागद ठेवला, चाक फिरवलं, कागद उचलला. पांढरा स्वच्छ.

"असं होत नाही," काका म्हणत राहिले. "कोपरे राहतात नेहमी. असं कधी होत नाही."

"या वेळी नीट घासले, काका," मंजू म्हणाली. "आई नेहमी ओरडायची ना."

आणि मग ती रडली. आई गेली त्या दिवशी रडली नव्हती, तेराव्याला रडली नव्हती. काका तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि तो कोरा कागद तसाच त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

उन्हाळ्याच्या आत टेकडी रिकामी झाली. घरातली चित्रं मंजूने नेली, मला न्यायला मालकांनी नकार दिला. दगड जागेचा, म्हणाले. मग त्यांनी मला विटांवर टेकवून इथे, तलाव दिसेल असा ठेवला, आणि मी बेंच झालो. हल्ली टेकडीवर यायलाही तिकीट लागतं. माझ्यावर चहाचे कप उमटतात, कुणी किल्लीने नावं खरडतं. पाऊस लागून मी एका बाजूने फुटायला लागलोय. होईल ते होईल.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात, म्हणून माझं एवढं ऐका. घरात एखादी वस्तू कोरी, निकामी, गप्प दिसली तर ती पुसण्याआधी, फेकण्याआधी कुणाला तरी विचारा. रीत आहे म्हणून हात चालवू नका. आणि कुणाला काही द्यायचं मनात असेल, तर गंमत म्हणून झाकून ठेवू नका हो. त्याच दिवशी देऊन टाका.

आता उठा बघू दोघे. तुमच्या रांगेच्या मागे एक बाई उभ्या आहेत ना, राखाडी साडीतल्या, चष्मा नाकावर घसरलेल्या? शाळेच्या नाहीत त्या. दर काही रविवारी तिकीट काढून येतात, गाइडच्या मागून सगळी टेकडी फिरतात, बेंचची गोष्ट मुकाट ऐकतात आणि शेवटी इथे बसतात. त्यांना जागा द्या.

बसली. आणि तिचा अंगठा निघालाच कोपऱ्यांवरून. पहिला, दुसरा. कुठे काही राहिलंय का, ते अजून बघत असते. नाही गं, मंजू. इतकं छान कुणीच घासलं नव्हतं.